रॅम, गेलेली डिस्क, सीमॉसचा सेल आणि नेटवर्क कार्ड एकाच दिवशी उरकू का? सल्ला हवाय

नवा_गडी

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसचा सर्व्हर आता माझ्या गळ्यात आलाय. आधी बघायचे ते सर सोडून गेले, जाताना पासवर्डची वही आणि पुढच्या झाकणाची किल्ली हातात दिली, बाकी देवाच्या भरवशावर. मशीन म्हणजे टू-यू रॅकवालं, दोन प्रोसेसर, झिऑन ई५-२६२० व्ही४, रॅमचे २४ स्लॉट पण भरलेले फक्त ४, १६ जीबीच्या चार स्टिक म्हणजे ६४. डिस्क चार, ४ टीबीच्या, रेड ५, म्हणजे चारही मिळून एकच साठा आणि एक गेली तरी बाकीच्यांवरून डेटा निघतो. वर सात व्हीएम (आभासी मशीन) आहेत आणि सगळ्यांच्या फायली पण यावरच.

आता कामं अशी की एका डिस्कवर आठवडाभर नारिंगी दिवा लागलाय, नवी डिस्क आणून ठेवलीये. रॅम भरून जाते म्हणून ३२ जीबीच्या चार स्टिक मिळवल्यात, दुसऱ्या एका बंद पडलेल्या सर्व्हरमधल्या. लाइट गेली की मशीनचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं म्हणजे सेल गेलाय बहुतेक. आणि एक १० गिगचं कार्ड पडून आहे तेही टाकायचंय. सुट्टीच्या दिवशी चार तास बंद ठेवायची परवानगी मिळालीये तर झाकण एकदाच उघडून सगळं उरकून टाकावं असं डोक्यात आहे. क्रम काय ठेवू, काय काय हत्यारं लागतील आणि तो मनगटाचा पट्टा खरंच लागतो का? घरच्या पीसीत रॅम बदललीये दोनतीनदा, सर्व्हर कधीच उघडला नाही.

बिनधास्त_भाऊ

चार तास कशाला राव, दीड तासात होतं सगळं. सर्व्हर म्हणजे मोठा पीसीच असतो, उलट स्क्रू कमी, सगळं निळ्या-हिरव्या खटक्यांवर. पट्टाबिट्टा काही लागत नाही, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि भिडायचं. रॅमचे पाय काळे दिसले तर खोडरबर फिरवा, चकाचक.

जुना_पाना

थांबा जरा. आठवडाभर नारिंगी दिवा आणि तुम्ही सुट्टीची वाट बघताय?

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली म्हणजे आत्ता तुमच्याकडे रेड नाहीच, तीन डिस्क एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत, एकीचा हात सुटला की सगळं खाली. डिस्कचं काम बाकीच्या तिघांपासून वेगळं काढा, त्याला सुट्टी पण लागत नाही आणि मशीन बंद पण करावं लागत नाही.

आधी तीन गोष्टी बघून इथे लिहा. बॅकअप आहे का, आणि असला तर त्यातून शेवटचं काही परत काढून कधी बघितलंय. दुसरं, रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर उरलेल्या तीन डिस्कसमोर मीडिया एरर, म्हणजे वाचता न आलेल्या जागा, किती दिसतात. तिसरं, दोन्ही प्रकारच्या रॅमवरच्या लेबलची पूर्ण ओळ जशीच्या तशी. ही तीन उत्तरं येईपर्यंत झाकणाला हात नको.

रात्रपाळी

पानाकाकांना +१. आणि डिस्क काढताना नंबराचं बघ रे. माझी गोष्ट सांगते, म्हणजे कशाला म्हणते ते कळेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्री दोनची वेळ, लॉगमध्ये लिहिलेलं डिस्क ३ फेल. मी पुढून डावीकडून एक दोन तीन मोजलं आणि तिसरी ओढली. कंट्रोलर शून्यापासून मोजतो, त्याची ३ म्हणजे चौथी. मेलेली तिथेच राहिली आणि मी धडधाकट बाहेर काढली. रेड ५ आधीच एका पायावर, दोन सेकंदांत सगळ्या व्हीएम थिजल्या. ढकलून परत आत घातली तर कंट्रोलर तिला ओळखच दाखवेना, फॉरेन कॉन्फिगरेशन म्हणून वेगळ्या रांगेत बसवली. समोर दोन पर्याय, इम्पोर्ट आणि क्लिअर, आणि मला दोन्हींचा नक्की अर्थ माहीत नव्हता. त्या वेळी काहीच न दाबता वरिष्ठांना उठवलं एवढंच शहाणपण केलं. इम्पोर्ट करून ॲरे (डिस्कचा एकत्र गट) परत आली पण फाइलसिस्टीम तपासण्यात सकाळ झाली.

तेव्हापासून मी मोजतच नाही. कंट्रोलरमधून त्या डिस्कचा लोकेट दिवा लुकलुकवायचा, समोर जाऊन डोळ्यांनी बघायचा, मग कॅडीवरचा (डिस्कच्या चौकटीवरचा) सीरियल नंबर स्क्रीनवरच्याशी जुळवायचा. पुढून सीरियल दिसत नसेल तर आधीच्या कोणी चिठ्ठी लावलीये का बघ, नाहीतर बाकीच्या तिघींचे हिरवे दिवे कामात लुकलुकतायत आणि ही गप्प आहे एवढं तरी बघ.

नवा_गडी

बापरे. आमच्या लॉगमध्ये डिस्क २ लिहिलंय आणि मी दुसरीच ओढणार होतो 😬 नारिंगी दिवा मात्र तिसऱ्या कप्प्यावर आहे, मला वाटलं दिवा चुकतोय.

उत्तरं देतो. बॅकअप रोज रात्री एका एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) जातो असं वहीत लिहिलंय, उघडून बघितलं तर फायली आहेत, तारीख कालचीच, पण परत काढून कधीच बघितलं नाही. मीडिया एरर: डिस्क ० ला ३७, डिस्क १ ला ०, डिस्क ३ ला ०. रॅमच्या जुन्या स्टिकवर "१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१", नव्यांवर "३२जीबी ४डीआरएक्स४ पीसी४-२१३३पी-एलडी०". दोन्ही डीडीआर४ आहेत, दोन्ही सर्व्हरच्या, खाचही एकाच जागी आहे, म्हणजे चालतील ना?

शंकासुर

३७ वाचून पोटात गोळा आला. हिशेब करून बघा, रिबिल्ड होताना, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरताना, उरलेल्या तीन डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जाणार, ३ गुणिले ४ टीबी म्हणजे १२ टीबी, म्हणजे ९६ लाख कोटी बिट. साध्या घरगुती डिस्कच्या कागदावर न वाचता येणाऱ्या बिटचं प्रमाण लिहिलेलं असतं एकावर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एक, म्हणजे १०० लाख कोटी. म्हणजे रिबिल्डमध्ये एकदा ठेच लागणार हे जवळपास लिहूनच ठेवलंय. रेड ५ मोठ्या डिस्कवर वापरूच नये म्हणतात ते याचसाठी.

जुना_पाना

हा हिशेब अर्धाच आहे. कागदावरचा आकडा म्हणजे कंपनी म्हणते यापेक्षा वाईट नसेल, प्रत्यक्षात चांगल्या डिस्क त्याहून पुष्कळ बऱ्या निघतात, आणि सर्व्हरसाठीच्या डिस्कना तो आकडा सहसा एकावर १५ शून्यं असतो, म्हणजे दहापट बरा. १२ टीबी वाचलं की मेलीच असं असतं तर दर महिन्याला पॅट्रोल रीड (सगळ्या डिस्क वाचून तपासणं) करणाऱ्या निम्म्या ॲरे कोलमडल्या असत्या.

पण या धाग्यात कागदाची गरजच नाही, डिस्क ० स्वतः ३७ वेळा सांगून बसलीये. म्हणून आता क्रम असा. आजच ताजा बॅकअप, एनएएस सोडून अजून एका जागी. त्यातली एक व्हीएम दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर परत उभी करून बघा, सुरू होऊन लॉगिन झालं पाहिजे, नुसती फाइल दिसते याला मी बॅकअप म्हणत नाही. हे झालं की मगच डिस्क २. रिबिल्ड पूर्ण होऊन ॲरे ऑप्टिमल, म्हणजे धडधाकट, दिसली की डिस्क ० साठी पण नवी मागवा आणि तीही तशीच बदला. या दोन्ही होईपर्यंत मशीन बंदसुद्धा करू नका. वर्षानुवर्षं फिरत असलेल्या म्हाताऱ्या डिस्क थांबवल्या की परत सुरू होतीलच असं नसतं.

रॅमचं सांगतो रात्री, कामात आहे.

रात्रपाळी

नवी डिस्क घालायच्या आधी तिचंही लेबल वाच. सास आणि साटा या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, आधीच्या सास असतील तर ही पण सास घे, साटा असतील तर साटा. साटा डिस्क सासच्या खाचेत बसते पण एकाच ॲरेत दोन जाती मिसळू देत नाहीत बरेच कंट्रोलर. सेक्टरचं बघ, जुन्या ५१२ च्या असतील आणि नवी निव्वळ ४के सेक्टरची असेल तर ॲरेत घेणार नाही. आणि कोणी स्टोरेज ॲरेतून निघालेली स्वस्तातली दिली असेल तर त्यांतल्या काही ५२० बाइट सेक्टरच्या असतात, साध्या कंट्रोलरला कळतच नाहीत, नव्याने लो-लेव्हल फॉरमॅट करून ५१२ कराव्या लागतात, त्याला काही तास जातात.

ओढताना एकदम बाहेर नको. खटका दाब, बोटभर ओढ, अर्धा मिनिट थांब, आतली तबकडी फिरायची थांबू दे, मग काढ. नवी घातल्यावर शेवटी खटका मिटवतानाच कनेक्टर पूर्ण बसतो, तळव्याने ढकलून अर्धवट ठेवू नकोस.

नवा_गडी

तीन दिवसांनी येतोय. व्हीएम परत उभी करायला गेलो तर पहिली उभीच राहिली नाही, बॅकअपच्या जॉबमध्ये तिची दुसरी डिस्क कधी टाकलीच नव्हती!! सगळे जॉब बसून नीट केले, दोन जागी बॅकअप घेतला, आता तीन व्हीएम उभ्या करून बघितल्या. पानाकाका तुमच्यामुळे वाचलो.

मग काल संध्याकाळी लोकेट दिवा लावून, सीरियल जुळवून, ताईंनी सांगितल्यासारखं बोटभर ओढून डिस्क २ बदलली. रिबिल्ड आपोआप सुरू झाला, ११ तास लागले, सकाळी ऑप्टिमल. रात्रभर झोप नाही. डिस्क ० चे ३७ चे ४१ झालेत. तिची बदली उद्या येतेय.

आता रॅमचं सांगा.

जुना_पाना

शाब्बास. आता ॲरे पूर्ण आहे तोवर असा सेक्टर कंट्रोलर बाकीच्यांवरून काढून भरतो. बदला मात्र नक्की.

रॅमच्या लेबलवर शेवटच्या तुकड्यातलं पहिलं अक्षर बघायचं. तुमच्या जुन्यांवर आर आहे म्हणजे रजिस्टर्ड, नव्यांवर एल म्हणजे लोड रिड्यूस्ड. रजिस्टर्डमध्ये फक्त पत्ता आणि आज्ञांच्या तारा मधल्या चिपमधून जातात, डेटा थेट जातो. एलवालीत डेटापण बफरमधून जातो, म्हणून कंट्रोलरवर भार कमी पडतो आणि जास्त रँकवाल्या (रँक म्हणजे एका वेळी एकत्र चालणारा चिपांचा गट) मोठ्या स्टिक चालतात. खाच एकच, पिना २८८च, हाताला फरक कळत नाही, पण एका मशीनमध्ये आर आणि एल मिसळता येत नाहीत. मिसळल्या की मशीन पोस्टलाच (सुरू होतानाच्या तपासणीलाच) अडतं आणि माणूस स्टिक खराब समजून तासभर झटापट करतो. ई किंवा यू दिसलं तर ती तिसरीच जात, अनबफर्ड, तीही यांच्यात नको.

आरएक्स४ च्या आधीचा आकडा रँकचा, नंतरचा चिपच्या रुंदीचा. ते सगळ्या स्टिकवर सारखं असलेलं बरं.

आता तुमच्यापुढे दोन वाटा. जुन्या चारही काढून एलवाल्या चार टाकल्या तर ४ गुणिले ३२, एकूण १२८. किंवा जुन्या ठेवून तशाच १६ च्या अजून चार आर मिळवल्या तर ८ गुणिले १६, हेही १२८च. आकडा तोच पण काम वेगळं. या प्रोसेसरला प्रत्येकी चार मेमरी चॅनल आहेत. आठ स्टिक म्हणजे दोन्ही प्रोसेसरचे चारही चॅनल भरले. चार स्टिक म्हणजे निम्मे रस्ते रिकामे. मी असतो तर आठ केल्या असत्या.

बिनधास्त_भाऊ

काका पण हातात आहेत त्या टाकू दे ना. व्हीएमना जागा पाहिजे, बँडविड्थ नाही. फाइल सर्व्हर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला चार चॅनल की दोन, काय फरक कळणारे? आजही दोनच चॅनलवर चाललंय की. आणि २१३३ चा वेग कमी म्हणाल तर २६२० व्ही४ ला रॅम २१३३ च्या वर पळतच नाही, त्याच्या जुन्या २४०० वाल्या पण आजवर २१३३ नेच चालल्यात.

जुना_पाना

हे बरोबर बोललात. मान्य. टाका एलवाल्या, जुन्या चार अँटीस्टॅटिक पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, पुढे जोडीदार मिळाल्या की बघू. फक्त दोन दोन वाटा, प्रत्येक प्रोसेसरच्या बाजूला दोन, चारही एकाकडे नकोत. आणि पहिल्या पांढऱ्या खटक्यांच्या स्लॉटमध्ये, कुठले पहिले ते झाकणाच्या आतल्या चित्रात असतं. त्या चित्राचा फोटो काढून ठेवा, झाकण उलटं ठेवलं की तेच नेमकं खाली जातं.

खोडरबराचं मात्र अजिबात ऐकू नका. पायांवरचा सोन्याचा थर पातळ असतो, रबर तो घासून नेतो, वर घासल्याने स्टॅटिक तयार होतं आणि चुरा स्लॉटात पडतो तो वेगळाच. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, वाळू द्या, मग लावा.

शंकासुर

जुन्या मशीनमधली रॅम आहे तर एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालवून मगच कामाला लावा. गूगलच्या सर्व्हरवर टोरोंटो विद्यापीठाच्या लोकांबरोबर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकना दुरुस्त होणाऱ्या चुका दिसल्या होत्या. ईसीसी ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटची चूक गुपचूप सुधारते म्हणून आपल्याला कळत नाही. गुपचूप आहे तोवर ठीक, पण लॉगमध्ये एकाच स्लॉटचं नाव वारंवार यायला लागलं की ती स्टिक बदलायची.

आणि मनगटी पट्टा वापरा हो. आपल्या बोटाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, चिप त्याच्या कितीतरी आधी दुखावते, आणि दुखावलेली चिप लगेच मरत नाही, चार महिन्यांनी त्रास देते आणि तेव्हा कोणाला आठवत नाही कोणी हात लावला होता. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, चुकून कुठे करंट लागला तर तो तुम्हाला वाचवतो, त्यामुळे पट्टा म्हणून उघडी तार गुंडाळू नका कोणी.

रात्रपाळी

बंद करताना पॉवर बटणावर थांबू नकोस. बटणाने बंद केलेल्या सर्व्हरच्या बोर्डवर स्टँडबायचा करंट असतोच, मॅनेजमेंटची चिप जागी असते. दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढायच्या, दोन्ही, एक काढून एक विसरणारे मी बघितलेत. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे कपॅसिटरमधलं उरलंसुरलं निघून जातं. रेलवरून पूर्ण बाहेर काढणार असशील तर एकट्याने नको, डिस्कसकट वजन चांगलंच असतं.

सेलचं सोपं आहे, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, अधिकची बाजू वर. पण काढायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो. बऱ्याच सर्व्हरमध्ये सेटिंग फ्लॅशमध्ये राहतात आणि फक्त घड्याळ जातं, पण त्यावर विसंबू नकोस. यूईएफआय की लेगसी, डिस्कचा मोड रेड की एएचसीआय, व्हर्चुअलायझेशन चालू की बंद, यातलं एक उलटं झालं की ओएस दिसणारच नाही आणि तुला वाटेल डिस्क गेली. सुरू झाल्यावर व्हीएम उठायच्या आधी बायोसमध्येच तारीख-वेळ लाव. होस्टचं घड्याळ चुकलेलं असताना डोमेन कंट्रोलरची (सगळ्यांचं लॉगिन तपासणारी) व्हीएम उठली की मजा बघ, लॉगिनच्या कर्बेरॉस पद्धतीला ५ मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही, कोणाचंच लॉगिन होणार नाही.

नेटवर्क कार्ड त्या दिवशी टाकू नकोस प्लीज. ते वेगळ्या दिवशी.

नवा_गडी

ताई कार्ड का नको? दोन मिनिटांचं काम आहे ना, झाकण उघडंच असणार.

रात्रपाळी

कारण मशीन सुरू झालं नाही तर रॅम, सेल की कार्ड हे शोधायला तिन्ही परत काढशील. रॅम आणि सेल तरी एकमेकांपासून ओळखू येतात. शिवाय दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये काही स्लॉट पहिल्या प्रोसेसरचे असतात काही दुसऱ्याचे, कार्डाची मागची पट्टी छोटी की पूर्ण उंचीची ते बघावं लागतं. आणि लिनक्स असेल तर इंटरफेसची नावं बसच्या नंबरावरून पडतात, नवं कार्ड मध्ये घुसलं की जुन्या कार्डाचा नंबर सरकू शकतो. काल ईएनपी४एस० होतं ते आज ईएनपी५एस०, कॉन्फिगमध्ये जुनंच नाव, नेटवर्क गायब. विंडोजच्या होस्टवर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर हार्डवेअर बदललं की रिकव्हरी की मागून बसतो तेही आहे.

नवा_गडी

सुट्टीचा दिवस, आत्ता सर्व्हरसमोरून फोनवर लिहितोय. डिस्क ० बुधवारीच बदलली, ॲरे ऑप्टिमल, एरर सगळीकडे शून्य. आज सकाळी वायरी दोन्ही काढून, पट्टा लावून, सेल बदलला, रॅम बदलली. चालू केलं आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं काळी. हात थरथरायला लागले, वायर ओढणार तेवढ्यात लोगो आला. असं होतं का?

आणि १२८ ऐवजी ९६ दाखवतोय.

जुना_पाना

होतं. रॅम बदलली की पहिल्यांदा सुरू होताना मशीन प्रत्येक स्टिकचं टायमिंग नव्याने जुळवतं, त्याला वेळ लागतो, मध्येच वायर ओढली असती तर परत पहिल्यापासून.

९६ म्हणजे एक स्टिक दिसत नाहीये. लॉगमध्ये कुठला स्लॉट रिकामा म्हणतोय बघा. मग बंद, वायरी, बटण, सगळं परत, आणि त्या स्टिकच्या दोन्ही टोकांचे खटके बाजूने डोळा लावून बघा. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

नवा_गडी

बी२. काका, अगदी तेच! वरून बघितलं तर नीट बसलेली, खाली वाकून बाजूने टॉर्च मारला तर पंख्याकडचा खटका सरळ उभा आणि दुसरा केसभर बाहेर कललेला. मी एकाच अंगठ्याने मधोमध दाबलं होतं. काढली, खाच जुळवून परत ठेवली आणि दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवून एकदम दाबली, टक टक असे दोन आवाज आले, पहिल्यांदा एकच आला होता ते आता आठवतंय. १२८ दिसतायत. घड्याळ लावलं, व्हीएम उठल्या, लॉगिन होतंय. मेमटेस्ट मात्र आज नाही जमणार, पुढच्या सुट्टीत.

बिनधास्त_भाऊ

मस्त रे भावा. खोडरबराचे शब्द मागे घेतो 😄

नवा_गडी

आता एक कबुली. ताई रागावू नका. बी२ साठी दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा हात शिवशिवले आणि कार्ड पण टाकलं. वर लॉगिन होतंय लिहिलं ते सर्व्हरला लावलेल्या स्क्रीनवरून बघून लिहिलं होतं, जागेवर येऊन बघतो तर बाहेरून काहीच पोचत नाही. जुन्या कार्डाचं नाव ईएनपी४एस० चं ईएनपी५एस० झालंय, तुम्ही लिहिलेलं अगदी तसंच्या तसं, आकड्यासकट.

रात्रपाळी

रागावत नाही, पण आकड्यासकट म्हणजे कमालच आहे. आत्ता परत कन्सोलवर जा, कॉन्फिगमध्ये नवं नाव टाक, नेटवर्क सुरू झालं की मग निवांत बसून नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या नंबराला) बांधून टाक म्हणजे पुढच्या कार्डाला हेच होणार नाही.

नवा_गडी

झालं, सगळं पोचतंय आता, चार तासांतले वीस मिनिटं उरलेत. फक्त एकच, पंखे केव्हाचे विमानासारखे ओरडतायत, आधी एवढा आवाज नव्हता आणि प्रोसेसर दोनचं तापमान चढत चाललंय. नवा सेल किंवा कार्डामुळे असेल का?

जुना_पाना

प्रोसेसर आणि रॅमवर एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण होतं, हवा वळवणारं. ते परत बसवलंत का?

नवा_गडी

ते माझ्या लॅपटॉपखाली आहे. उंच पडावा म्हणून ठेवलं होतं.